मशीन आणि स्पीकरची पत्रिका

(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत ध्वनी-व्यवस्था समितीने केलेल्या भाषणाचा मजकूर. अनेकांनी मागणी केल्यामुळे स्मरणिकेत देत आहोत.)

उपस्थित ज्येष्ठ मंडळी, भगिनींनो, बालमित्रांनो आणि शेवटच्या रांगेतून हात हलवून "आवाज येत नाही" अशी खूण करणाऱ्या समस्त हितचिंतकांनो, सादर नमस्कार.

दरवर्षी या सभेत मूर्ती कोणती आणायची, प्रसादाचा खर्च किती, नाटक कोणाचे बसवायचे यावर चर्चा होते. आवाजावर चर्चा होते ती अनंत चतुर्दशीनंतर, आणि तीही तक्रारीच्या रूपात. यंदा आम्ही अध्यक्षांना विनंती केली की उत्सवाआधीच आम्हाला अर्धा तास द्या. त्यांनी तो दिला, त्याबद्दल आभार.

आधी आमची ओळख करून देतो, म्हणजे आमच्याकडून फार अपेक्षा राहणार नाहीत. आम्ही चौघे. एक बँकेतून निवृत्त, एक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त, एकाचे दुकान आणि एक अजून नोकरीत. आमच्यात इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर कोणी नाही. तरीही मंडळाचे मशीन, स्पीकरच्या पेट्या आणि वायरींचे ते गुंतलेले भेंडोळे गेली अनेक वर्षे आमच्याच ताब्यात आहे. जे शिकलो ते चुकांतून शिकलो. त्यातली एक चूक आज सर्वांसमोर सांगायची आहे, कारण तिचा भुर्दंड भलत्यालाच पडला होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहाव्या दिवशी मुलांचे नाटक होते. दुपारपासून पावसाची रिपरिप, त्यामुळे अंगणातला कार्यक्रम शेडखाली घेतला आणि रांगा मागे मागे वाढत गेल्या. मशीनवर आपल्याच एका कुटुंबातला कॉलेजात शिकणारा मुलगा बसला होता. मागच्यांना ऐकू यावे म्हणून आम्ही शेजारच्या मांडववाल्याकडून चार पेट्या मागून आणल्या आणि आपल्या चार पेट्यांच्या पाठीमागच्या जॅकमधून वायर ओढून त्यांना जोडून दिल्या. मुलगा म्हणाला, "काका, मशीन फार गरम होतंय." आम्ही म्हणालो, "अरे, पंखा लाव, पण आवाज वाढव."

दुसरा अंक सुरू झाला आणि आवाज फाटू लागला. मग तो मधूनमधून बंद पडू लागला. मशीनवरचा लाल दिवा लागे, विझे, पुन्हा लागे. शेवटी आवाज परत आला तेव्हा दोन पेट्यांमधून फक्त गुरगुर ऐकू येत होती. शब्द गेले होते. पहिल्या रांगेत एक आजी खास नातवाचे काम पाहायला आल्या होत्या, त्यांना त्याचे एकही वाक्य कळले नाही. पोराने मात्र घसा कोरडा पडेपर्यंत ओरडून आपली भूमिका पुरी केली.

नंतरच्या बैठकीत ठपका कोणावर आला असेल? मशीनवर बसलेल्या मुलावर. "पोरांना बटणे फिरवायची सवय," असे आमच्यापैकीच एकाने म्हटले आणि बाकीच्या तिघांनी मान डोलावली. पुढच्या वर्षापासून तो मुलगा मशीनजवळ फिरकला नाही.

खरे कारण कळले ते पुढच्या उन्हाळ्यात. दोन पेट्यांचे ट्वीटर बदलून घ्यायला आम्ही टॉवरजवळच्या एका कारागिराकडे गेलो होतो. त्याने विचारले, एका बाजूला किती पेट्या लावल्या होत्या? आम्ही अभिमानाने सांगितले, चार. त्याने आमच्याच चार पेट्या तशाच जोडल्या, मल्टिमीटर लावला आणि तो आमच्यासमोर धरला. "अंकल, ये तो डेढ़ ओम दिखा रहा है। मशीन क्या करेगी बेचारी?"

ते डेढ ओम म्हणजे काय, एवढेच आज सांगायचे आहे. बाकी सगळे त्यातूनच निघते.

आपल्याकडे लग्न ठरवताना पत्रिका पाहतात. मुलगा चांगला, मुलगी चांगली, तरी दोघांचे जुळते का हे वेगळे पाहावे लागते. मशीन आणि स्पीकर यांचेही तसेच आहे. मशीन उत्तम, पेट्या उत्तम, पण जुळणी चुकली तर दोन्ही खराब होतात. या पत्रिकेत छत्तीस गुण नाहीत, चारच आहेत: ओहम, वॅट, वायर आणि अंतर.

पहिला गुण ओहम. जर्मनीचे शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली विजेचा जो नियम मांडला, तो आपण सगळेच शाळेत शिकलो. ज्यांनी मराठीतून शिकला त्यांनी 'रोध' म्हटले, ज्यांनी इथे हिंदीतून शिकला त्यांनी 'प्रतिरोध'. अर्थ एकच. स्पीकर विजेच्या वाटेत किती अडथळा आणतो, ते ओहममध्ये मोजतात. पेटीच्या पाठीवर '८ ओहम' किंवा '४ ओहम' लिहिलेले असते. हा आकडा कायमचा नसतो. सूर बदलला की अडथळाही कमी-जास्त होतो. ८ हा कामापुरता धरलेला आकडा आहे. म्हणूनच मल्टिमीटरने मोजले तर ८ ओहमची पेटी सुमारे ६ दाखवते. तिच्यात बिघाड आहे असे समजू नये.

आता गंमत अशी की ओहम कमी झाले की मशीनला आराम मिळत नाही, उलट काम वाढते. हे समजायला आपल्या गच्चीवरची टाकी आठवा. उज्जैनकरांना पाण्याचे गणित समजावून सांगावे लागत नाही. कित्येक उन्हाळ्यांत आपण एक दिवसाआड आलेल्या नळावर काढले आहेत. टाकीचा एक नळ सोडला तर पाणी एका धारेने जाते. चार नळ एकदम सोडले तर चौपट पाणी जाते. नळांना त्रास नाही, टाकी मात्र धडाधड रिकामी होते. एका पेटीच्या जॅकमधून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी वायर ओढली की प्रत्येक पेटी हा त्याच टाकीचा आणखी एक नळ होतो. याला समांतर जोडणी म्हणतात. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या तर ४ ओहम, चार जोडल्या तर २ ओहम. आमच्या चार पेट्या मल्टिमीटरवर प्रत्येकी सहाच्या आसपास, म्हणून सहाला चाराने भागून आले डेढ.

आकड्यांत पाहू. आपल्या मशीनची एक बाजू ८ ओहमवर २०० वॅट देते. म्हणजे ती ४० व्होल्ट बाहेर टाकते आणि ५ अँपिअर प्रवाह वाहतो. चाळीस पाचे दोनशे. ओहम ४ झाले की तेवढ्याच ४० व्होल्टवर १० अँपिअर मागितले जातात आणि २ झाले की २० अँपिअर. मशीनच्या पाठीवर बारीक अक्षरांत स्पष्ट छापले आहे की एका बाजूला किमान ४ ओहम. म्हणजे दोन पेट्या ठीक, चार पेट्या म्हणजे अतिरेक. मशीनने आधी दम टाकला, मग आवाज फाडला, मग स्वतःला वाचवण्यासाठी आवाज तोडला. तो लाल दिवा मशीनची तक्रार होती. आम्ही ती ऐकली नाही. मुलाची तक्रारही ऐकली नाही. दोघे एकच गोष्ट सांगत होते.

मग चार पेट्या लावताच येत नाहीत का? येतात. दोन पेट्या एकीमागून एक अशा जोडायच्या की पहिलीतून गेलेला प्रवाह दुसरीतूनच परत येईल. ही एकसर जोडणी, इथे ओहमची बेरीज होते: ८ आणि ८ मिळून १६. अशा दोन जोड्या एकमेकींना समांतर लावल्या की पुन्हा ८. चारही पेट्या वाजतात आणि मशीनला वाटते एकच पेटी लावली आहे. अट एवढीच की चारही पेट्या एकाच जातीच्या हव्यात. आपली एक आणि मांडववाल्याची एक अशी एकसर जोडली तर वाटणी असमान होते आणि दोन्हींचा आवाज बिघडतो.

इथे एक जुना गैरसमज काढून टाकू. आपल्यातल्या वयस्करांनी व्हॉल्व्हचे मशीन वापरलेले आहे. त्याच्या मागे ४, ८, १६ असे वेगवेगळे स्क्रू असत आणि स्पीकर जितक्या ओहमचा तितक्याच स्क्रूवर वायर लावावी लागे. तो नियम त्या मशीनसाठी बरोबर होता. व्हॉल्व्हचे मशीन स्पीकर न जोडता जोरात चालवले तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असे. आजच्या ट्रान्झिस्टरच्या मशीनचे उलटे आहे. स्पीकर नसला तरी ते शांत बसून राहते, पण वायरीची दोन टोके एकमेकांना चिकटली तर त्याच्या जिवावर बेतते. आज 'मॅचिंग' म्हणजे आकडे सारखे असणे नव्हे. मशीनवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली न जाणे, एवढाच त्याचा अर्थ. ४ ओहमच्या मशीनवर ८ ओहमची पेटी खुशाल चालते. आवाजात थोडाच फरक पडतो आणि मशीन थंड राहते.

एक सापळा आणखी. दोन बाजूंच्या काही मशीनवर मागे 'ब्रिज' असे बटण असते. ते दाबले की दोन्ही बाजू मिळून एकाच पेटीला वाजवतात. ताकद वाढलेली दिसते म्हणून कोणालाही मोह होतो. पण तेव्हा प्रत्येक बाजूला पेटीचे ओहम निम्मेच भासतात, ८ ची पेटी ४ सारखी आणि ४ ची २ सारखी. आपल्या मशीनच्या त्या बटणावर आम्ही चिकटपट्टी लावली आहे. कृपया ती काढू नये.

दुसरा गुण वॅट. जाहिरातींतून आपली सर्वाधिक दिशाभूल होते ती इथे. बाजारात हातात मावणाऱ्या खोक्यावरही हजारांचे आकडे छापलेले दिसतात. पेटीच्या पाठीवर साधारणपणे तीन आकडे असू शकतात. पहिला, सतत सोसण्याची ताकद, ज्याला दुकानदार 'आरएमएस' म्हणतात. दुसरा 'प्रोग्राम', तो बहुधा पहिल्याच्या दुप्पट. तिसरा 'पीक', तो पहिल्याच्या चौपट. १५० वॅटची पेटी अशा रीतीने ६०० वॅटची होऊन बसते. पेटी तीच, मोठा आकडा क्षणभराच्या धक्क्याचा. खरेदी करताना आणि जुळवताना फक्त पहिला आकडा पाहावा. तो छापलेलाच नसेल तर ती पेटी दुकानातच राहू द्यावी.

मशीन पेटीपेक्षा मोठे असावे की लहान? मोठे मशीन पेटी जाळेल, असे आपल्याला वाटते. ते अर्धसत्य आहे. आमच्या पेट्या जळल्या तेव्हा मशीन मोठे नव्हते, दमलेले होते. मशीनची कुवत संपली की सुरांच्या लाटांचे शेंडे छाटले जातात. गोल लाट सपाट होते. कानाला ते फाटल्यासारखे लागते आणि मशीनवर 'क्लिप' असा दिवा लुकलुकतो. अशा छाटलेल्या लाटेत छापील आकड्याच्या जवळजवळ दुप्पट ताकद निघू शकते. शिवाय गाण्यात किंवा बोलण्यात एरवी चढ-उतार असतो, कॉइलला मध्ये मध्ये विसावा मिळतो. आवाज सतत शेंडा छाटूनच वाजवला तर तो विसावा संपतो. आणि छाटलेल्या लाटेतून वरच्या पट्टीचा कर्कश भाग वाढतो, तो जाऊन पडतो ट्वीटरवर. वूफरची कॉइल जाड असते, ट्वीटरची केसासारख्या तारेची. म्हणून आधी ट्वीटर जातो. त्या रात्री शब्द गेले आणि गुरगुर उरली ती यामुळे. मराठीतल्या स, श, त, ट, क अशा व्यंजनांचा स्पष्टपणा वरच्या पट्टीत असतो. ट्वीटर गेला की 'सासू' आणि 'आऊ' सारखेच ऐकू येते.

जाणकारांचा प्रघात असा आहे की पेटीच्या सतत ताकदीच्या दीडपट ते दुप्पट मशीन घ्यावे आणि लाल दिवा लागू न देता चालवावे. मशीनवर सराईत हात नसेल तर जेवढ्यास तेवढे घ्यावे. आपल्या १५० वॅटच्या दोन पेट्या एका बाजूला आणि मशीन ४ ओहमवर ३०० वॅट, हा हिशेब जेवढ्यास तेवढा आहे. ज्यांनी तो संच मंडळाला घेऊन दिला त्यांनी पत्रिका नीट पाहिली होती. ती बिघडवली आम्ही.

आणि मशीनवरचे गोल बटण अर्ध्यावर ठेवले म्हणजे अर्धीच ताकद निघते, हाही भ्रम आहे. ते बटण आत येणारा आवाज कमी करते. मिक्सरवरून जोरात आवाज पाठवला तर बटण अर्ध्यावर असतानाही मशीन पूर्ण ताकदीला पोचते. तेव्हा बटणाकडे पाहून उपयोग नाही, दिव्याकडे पाहावे.

तिसरा गुण वायर. आपण लाख रुपयांचा संच घेतो आणि दिव्याच्या माळेची पातळ वायर लावतो. तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची वायर ३० मीटर लांब ओढली, तर जाऊन-येऊन ६० मीटर होते. तिचाच रोध सुमारे १ ओहम. ८ ओहमच्या पेटीपर्यंत मग मूळ ताकदीच्या ७९ टक्केच पोचते. तीच वायर ४ ओहमच्या जोडीला लावली तर ६४ टक्के. उरलेली कुठे गेली? काही वायर तापवण्यात आणि काही मशीनमधून निघालीच नाही. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर ८ ओहमवर ९० टक्के पोचते. त्यामुळे मशीन पेट्यांच्या जवळ ठेवावे आणि माइकची वायर लांब ओढावी, हा सोपा उपाय.

मग रेल्वेच्या फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच मशीनवर इतके स्पीकर कसे वाजतात? आपण सिंहस्थात क्षिप्रेच्या काठी पाहिले आहे, खांबाखांबावर भोंगे आणि हरवलेल्यांची नावे एकामागून एक पुकारली जात आहेत. तिथे पद्धत वेगळी असते. अशा कामाची मशीन १०० व्होल्टची लाइन देतात आणि प्रत्येक भोंग्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. घरोघरी वीज येते तसेच समजा. व्होल्ट जास्त, प्रवाह कमी, म्हणून पातळ वायरीतूनही थोडेच वाया जाते. तिथे ओहमचे गणितही करावे लागत नाही. प्रत्येक भोंगा १० वॅटवर, १५ वॅटवर की ३० वर ठेवला आहे, त्यांची बेरीज करायची आणि ती मशीनच्या वॅटपेक्षा थोडी कमी ठेवायची. मिरवणुकीला भोंगे लावायचे असतील तर ही पद्धत बरी. पण हे दोन संसार एकत्र करू नयेत. १०० व्होल्टच्या लाइनवर आपली ८ ओहमची साधी पेटी लावली, तर पेटीही जाईल आणि मशीनही.

चौथा गुण अंतर. इथे आमचे स्वतःचे डोळे उघडले. पेटीच्या कागदावर आणखी एक आकडा असतो, तिची संवेदनशीलता. आपल्या पेटीची ९६ डेसिबल. अर्थ असा की फक्त १ वॅट दिला तर एक मीटरवर ९६ डेसिबल आवाज मिळतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. दोन मीटरवर ९०, चार मीटरवर ८४, आठ मीटरवर ७८, सोळा मीटरवर ७२. आपण एकमेकांशी एका मीटरवरून बोलतो तो आवाज साठच्या आसपास असतो. म्हणजे एका वॅटमध्ये सोळा मीटरवर आपल्या गप्पांपेक्षा मोठा आवाज मिळतो! बाकीचे वॅट लागतात ते एखादी टाळी, एखादी तान, ढोलकीची एखादी थाप न फाटता निघावी म्हणून.

उलट बाजूने पाहा. मशीन १०० वॅटचे काढून २०० वॅटचे आणले तर मिळतात फक्त ३ डेसिबल. पैसे दुप्पट, कानाला फरक नीट लक्ष देऊन ऐकला तर कळेल एवढा. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. मागच्या रांगेसाठी मशीन मोठे करणे म्हणजे चुलीवरच्या पातेल्यातले दूध तापावे म्हणून गल्लीला आग लावणे. त्यापेक्षा पेटी मागच्या रांगेच्या जवळ न्यावी. अंतर निम्मे केले की ६ डेसिबल फुकट मिळतात, तेवढ्यासाठी एरवी चौपट मशीन लागले असते. त्या रात्री आम्ही चार पेट्या पुढेच रचल्या होत्या. त्यातल्या दोन, नियमात बसवून, मध्यावर ठेवल्या असत्या तर ना मशीन दमले असते, ना आजींच्या नातवाचे शब्द हरवले असते.

शेजाऱ्यांचाही विचार याच गणितात येतो. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, बाजारपेठेत ६५ आणि ५५. लाऊडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून अधिक, किंवा ७५ डेसिबलहून अधिक, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाऊ नये. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. लेखी परवानगी तर नेहमीच हवी. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्य शासनाने हे नियम कसोशीने पाळण्याचे आदेशही काढले. फ्रीगंजात घरे, दवाखाने, अभ्यास करणारी मुले, सगळे एकाच गल्लीत आहेत. हद्दीवर ६५ डेसिबल हा आकडा पाहून कोणी घाबरू नये. थोड्या थोड्या अंतरावर लहान आवाजात पेट्या ठेवल्या तर आतल्यांना स्पष्ट ऐकू येते आणि बाहेरच्यांना झोप लागते.

१८९३ साली लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक चळवळीचे रूप दिले, तेव्हा लाऊडस्पीकर नव्हता. आज आपण वापरतो त्या जातीचा हलत्या कॉइलचा स्पीकर राइस आणि केलॉग या दोघांनी अमेरिकेत मांडला तो १९२५ मध्ये. त्याआधीची व्याख्याने, कीर्तने आणि मेळे लोकांनी नुसत्या कानांनी ऐकले, कारण लोक जवळ बसत आणि बोलणाऱ्याला शब्द सोडता येत असे. शेजारच्या देवासला कुमार गंधर्व राहत होते. त्यांच्या हळुवार सुरांच्या जागा ज्यांनी समोर बसून ऐकल्या, ते आपल्यात अजून आहेत. मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज यांतला फरक त्यांना आम्ही सांगायला नको. शिंदेशाहीपासून माळव्यात रुजलेल्या आपल्या घरांत रस्त्यावर हिंदी आणि माळवी, ओट्याच्या आत मराठी. आपल्या नातवंडांना सलग दोन तास चांगले मराठी कानावर पडते ते वर्षातून या दहाच दिवसांत. तेही फाटक्या आवाजात पडले तर पोरे मोबाइलमध्ये डोके घालतील, आणि त्यांना बोल लावता येणार नाही.

म्हणून यंदा आम्ही काय करणार ते सांगतो. प्रत्येक पेटीच्या पाठीवर ओहम आणि वॅट ठसठशीत मराठीत रंगवले आहेत. एका बाजूला दोनच पेट्या, हे मशीनच्या डोक्यावर लिहून ठेवले आहे. वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली आहे, लाल टोक लाल खुंटीत जाईल हे तपासले आहे. एक पेटी उलटी जोडली गेली तर दोन्हींचा खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. सुरू करताना आधी मिक्सर, शेवटी मशीन. बंद करताना आधी मशीन. वायर काढायची ती मशीन बंद करूनच. पेट्या माइकच्या पुढे राहतील, म्हणजे शिट्टी वाजणार नाही. आणि मशीनवर बसलेला कोणी "गरम होतंय" म्हणाला, तर त्याचे वय न पाहता कार्यक्रम दोन मिनिटे थांबवायचा.

राहिला तो मुलगा. कारागिराच्या दुकानातून परत येताना आम्ही चौघे रस्त्यात फारसे बोललो नाही. तो आता पुण्याला नोकरीला आहे. त्या संध्याकाळी त्याच्या वडिलांकडून नंबर घेऊन आम्ही फोन लावला आणि जे झाले ते सांगितले. चूक आमची होती, ठपका तुझ्यावर ठेवला, माफ कर. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मशीनच्या मागे चार ओहम लिहिलेलं मी त्या रात्रीच वाचलं होतं. पण तुम्ही सगळे मोठे, म्हणून गप्प बसलो."

हे वाक्य आम्हाला ओहमच्या नियमापेक्षा जास्त लागले. फोनवर मागितलेली माफी पुरेशी नाही, कारण ठपका याच सभेत ठेवला होता. म्हणून आज याच सभेत, तुम्हा सर्वांसमोर, तो मागे घेत आहोत. इतिवृत्तात तशी नोंद करावी, अशी चिटणिसांना विनंती आहे.

मशीनवर बसायला यंदा दोन मुली आणि एक मुलगा तयार झाले आहेत. मल्टिमीटर त्यांच्या हातात दिला आहे. वायर कशी जोडायची हे आम्ही त्यांना सांगू, आणि जोडलेली वायर बरोबर आहे का हे ते आम्हाला सांगतील.

मागच्या रांगेत आवाज पोचला ना? मग थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!